सर्व्हर कुठपर्यंत पोहोचला?

जुन्या डेस्कटॉपवर किंवा छोट्या मिनी पीसीवर लिनक्स टाकून घरच्या घरी सर्व्हर चालवणाऱ्यांचा त्या यंत्रावर मोठा भरवसा असतो. कुटुंबाचे फोटो, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे, गाण्या-सिनेमांचा संग्रह, घरातल्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग असे बरेच काही त्यात साठलेले असते. अशा सर्व्हरवर सिस्टीम अपडेट होते, तो रीस्टार्ट केला जातो आणि परत येतच नाही. मग 'काय बिघडले असेल?' या प्रश्नाने डोके भणाणते, उत्तर सापडत नाही आणि तासाभरात निर्णय होतो की सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करू. हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा असतो. अपडेटनंतर अडलेल्या सर्व्हरमधली माहिती सहसा जागच्या जागी असते आणि मागे फिरायची वाटही शाबूत असते. घाईघाईने केलेली दुरुस्तीच ती वाट बंद करून टाकते. म्हणून काय बिघडले हे विचारण्याआधी सर्व्हर कुठपर्यंत पोहोचला हे विचारायला हवे. त्याचे उत्तर मिळाले की कारणांची लांबलचक यादी दोन-तीन शक्यतांवर येते.

हे असे का, हे समजण्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते ते पाहावे लागते. वीज मिळाल्यावर आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. त्यालाच आपण बायोस म्हणतो, आणि नव्या यंत्रांत ते यूईएफआय या प्रकारचे असते. ते मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांची हजेरी घेते आणि डिस्कवरच्या एका छोट्या विभागातला बूटलोडर शोधून कारभार त्याच्या हाती देते. उबंटू, डेबियन यांसारख्या लिनक्समध्ये हा बूटलोडर सहसा ग्रब असतो. ग्रब दोन फायली मेमरीत आणतो. एक म्हणजे कर्नल, सिस्टीमचा गाभा. दुसरी म्हणजे 'इनिटरॅमएफएस', डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर आणि साधने असलेली तात्पुरती फाइल सिस्टीम. तिच्या मदतीने कर्नल मुख्य डिस्क जोडून घेतो आणि मग 'सिस्टीमडी' हा पहिला प्रोग्राम सुरू करतो. सिस्टीमडी बाकीच्या डिस्क जोडतो, नेटवर्क उभे करतो आणि एकेक सेवा चालू करतो. म्हणजे फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल, मुख्य डिस्क आणि सेवा असे हे पाच टप्पे आहेत. प्रत्येक टप्पा पुढच्याच्या हाती कारभार सोपवून बाजूला होतो. यातली एक सोपवणी फसली की पुढचे काहीच घडत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पाचही ठिकाणचे अपयश सारखेच दिसते. सर्व्हर 'मेला' असे वाटण्याचे कारण हेच.

आता अपडेट नेमके कशाला हात लावते ते पाहू. उबंटू, डेबियनवर पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम बसवणारे आणि अपडेट करणारे साधन, नवा कर्नल आणतो तेव्हा तो जुन्याच्या शेजारी ठेवतो, जुना लगेच पुसत नाही. नव्या कर्नलसाठी नवी इनिटरॅमएफएस तयार होते आणि ग्रबच्या यादीत नवी ओळ येते. प्रोग्राम आणि त्यांच्या सेटिंग्ज बदलतात. पण तुमच्या होम फोल्डरमधल्या फायली किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवलेले फोटो यांच्याशी पॅकेज मॅनेजरचे काही देणेघेणे नसते. गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या घटना याचीच साक्ष देतात. जुलै 2020 मध्ये ग्रबमधला 'बूटहोल' नावाचा सुरक्षादोष जाहीर झाला. त्यावरचे उपाय बसवताच रेड हॅटची अनेक यंत्रे सुरू होईनाशी झाली. दोष फर्मवेअर आणि ग्रब यांच्यामधल्या 'शिम' या छोट्या प्रोग्राममध्ये होता. ऑगस्ट 2022 मध्ये आर्च लिनक्सवर ग्रबची नवी आवृत्ती आली. सेटिंग्जच्या फाइलमध्ये नवी आज्ञा लिहिली गेली, पण डिस्कवर आधीपासून बसलेला ग्रब जुनाच राहिल्याने काही यंत्रांवर त्या दोघांचे जुळेना. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी असलेल्या अनेक संगणकांत सिक्युअर बूट या फर्मवेअरच्या तपासणीने लिनक्सला आत यायलाच नकार दिला. तिन्ही वेळा एकच सोपवणी फसली होती. लोकांची माहिती जागेवर होती आणि उपाय त्या एका टप्प्यापुरते होते.

याहून मोठे उदाहरण 19 जुलै 2024 चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळ, बँका, रुग्णालये यांची कामे खोळंबली. ते घरगुती सर्व्हर नव्हते आणि लिनक्सही नव्हते, तरी ही घटना इथे मोलाची आहे. विंडोज सुरू होताना ज्या टप्प्यावर त्या कंपनीचा ड्रायव्हर चालू होतो, तिथेच हे संगणक पुन्हा पुन्हा कोसळत होते. उपाय असा होता की सेफ मोडमध्ये, म्हणजे तो ड्रायव्हर सुरू न करता, आत जायचे, एक ठरावीक फाइल काढून टाकायची आणि रीस्टार्ट करायचे. ज्या यंत्रांसमोर जगाने हात टेकले, त्यांतल्या बहुतेकांना अडवून धरणारी फाइल एकच होती. बिघाडाचा परिणाम किती मोठा दिसतो यावरून बिघाड किती मोठा आहे हे ठरत नाही, हा धडा घरच्या सर्व्हरलाही जसाच्या तसा लागू पडतो.

टप्पा ओळखायला सुरुवात करताना पहिली शंका ही घ्यावी की सर्व्हर खरोखरच बंद आहे का. घरच्या सर्व्हरला बहुधा मॉनिटर जोडलेला नसतो, त्यामुळे 'सुरू होत नाही' याचा खरा अर्थ 'नेटवर्कवर दिसत नाही' एवढाच असतो. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डला त्याच्या जागेवरून नाव मिळते, आणि नव्या कर्नलसोबत किंवा एखादे कार्ड हलवल्यावर ते नाव बदलू शकते. सेटिंग्जमध्ये जुने नाव राहिले की सर्व्हर व्यवस्थित उभा राहतो, पण त्याला पत्ता मिळत नाही. प्रॉक्समॉक्स ही आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली वापरणाऱ्यांना हा अनुभव मोठ्या अपग्रेडनंतर येतो, कारण तिथला नेटवर्क ब्रिज कार्डाच्या नावाशी बांधलेला असतो. म्हणून आधी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडावा. लॉगिनची ओळ दिसली तर बूटची साखळी पूर्ण झाली आहे आणि शोध शेवटच्या टप्प्यात, नेटवर्कच्या सेटिंग्जमध्येच घ्यायचा आहे. याच सर्व्हरवर पाय-होल हा जाहिराती अडवणारा डीएनएस प्रोग्राम चालत असेल आणि राउटर त्यालाच डीएनएस मानत असेल, तर घरभर इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते आणि घरातली ओरड सुरू होते. राउटरमध्ये तात्पुरता दुसरा डीएनएस भरला की ते दडपण जाते आणि शांतपणे काम करता येते.

मॉनिटरवर जे दिसते त्यातून प्रत्येक टप्पा आपली ओळख देतो. काहीच दिसत नसेल, पंखा फिरतो आहे पण निर्मात्याचा लोगोही येत नाही, तर प्रकरण फर्मवेअर किंवा त्याआधीचे आहे. तिथे लिनक्सच्या अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही. लोगो येतो पण बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही असा संदेश येतो, तेव्हा फर्मवेअरला बूटलोडर मिळालेला नाही. बूटचा क्रम बदलला का, सिक्युअर बूट चालू झाले का, डिस्क यादीत दिसते का, हे तिथे पाहायचे. काळ्या पडद्यावर 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढाच शब्द लुकलुकत असेल, तर ग्रब आला आहे, पण त्याला त्याची सेटिंग्ज किंवा पुढच्या फायली सापडत नाहीत. 'कर्नल पॅनिक' असे येऊन त्यात मुख्य फाइल सिस्टीम जोडता आली नाही असे म्हटले असेल, तर इनिटरॅमएफएस अर्धवट तयार झाली किंवा झालीच नाही अशी दाट शक्यता असते. याचे नेहमीचे कारण अगदी साधे असते. बूटसाठी वेगळा ठेवलेला विभाग जुन्या कर्नलांनी भरून जातो आणि नव्या फायलीला जागाच उरत नाही. इनिटरॅमएफएसच्या नावाची आज्ञा-ओळ समोर येऊन थांबली, तर कर्नल चालू आहे, पण त्याला मुख्य डिस्क सापडलेली नाही. आणि पडदा दीड मिनिट एखाद्या डिस्कची वाट पाहून 'इमर्जन्सी मोड' दाखवत असेल, तर मुख्य डिस्क जोडली गेली आहे. बहुधा 'एफएसटॅब' या फाइलमध्ये नोंदलेली दुसरी एखादी डिस्क मिळालेली नाही.

या शेवटच्या दोन उदाहरणांतला फरक पाहण्यासारखा आहे. दोन्हींत डिस्क सापडत नाही, पण एकात सिस्टीमची मुख्य डिस्क हरवली आहे आणि दुसऱ्यात कदाचित सिनेमे ठेवलेली यूएसबी डिस्क. पहिल्यावरचा इलाज दुसऱ्यावर केला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. दुसऱ्या प्रकारात एफएसटॅबमधल्या त्या ओळीला 'नोफेल' हा पर्याय जोडला, तर ती डिस्क नसतानाही सर्व्हर उभा राहतो. पुरावा कुठे शोधायचा हेही टप्प्यावरूनच ठरते. सिस्टीमडीच्या नोंदी डिस्कवर साठवण्याची सोय असेल, तर 'जर्नलसीटीएल' वापरून मागच्या बूटच्या वेळी काय झाले ते वाचता येते. पण मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच गाडी अडली असेल तर नोंद लिहायला जागाच नसते. म्हणजे ती सोय असूनही फसलेल्या बूटची काहीच नोंद न सापडणे हाही पुरावाच आहे. बिघाड पहिल्या चार टप्प्यांत आहे असे तो सांगतो.

टप्पा कळल्यावर मागे फिरण्याची वाट कामी येते. ग्रबचा मेनू लपवलेला असेल तर उबंटूवर जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये शिफ्ट आणि यूईएफआयमध्ये एस्केप दाबून तो उघडता येतो. त्यातल्या प्रगत पर्यायांत आधीचा कर्नल बहुधा हजर असतो. तो निवडल्यावर सर्व्हर सुरू झाला, तर एका फटक्यात बरेच काही सिद्ध होते. डिस्क चांगली आहे, ग्रब चांगला आहे, सेवा चांगल्या आहेत, दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्यासोबत तयार व्हायला हव्या असलेल्या भागांत आहे. झेडएफएस या फाइल सिस्टीमचे आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर अनेक ठिकाणी प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळे बांधावे लागतात. ते बांधणे फसले की डेटाचा पूल जोडला जात नाही किंवा पडदा काळा राहतो, आणि जुन्या कर्नलवर दोन्ही सुरळीत चालतात. जुना कर्नलही चालला नाही, तर पेनड्राईव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करायचे. सर्व्हरची डिस्क आधी फक्त वाचण्यापुरती जोडून महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या. ॲप्ट या पॅकेज मॅनेजरच्या नोंदवहीत कोणत्या तारखेला कोणती पॅकेजेस बदलली ते लिहिलेले असते, ते वाचायचे. मग डिस्क लिहिण्यासाठी जोडून 'सीएचरूट' या आज्ञेने त्या सिस्टीमच्या आत शिरायचे आणि जो टप्पा तुटला आहे तेवढाच पुन्हा बांधायचा. अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करणे, इनिटरॅमएफएस नव्याने तयार करणे, ग्रब पुन्हा बसवणे ही तीन-चार आज्ञांची कामे आहेत. रास्पबेरी पायवर सहसा ग्रब नसतो, तिथे मेमरी कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातले की बूटच्या फायली थेट पाहता येतात.

काळाचा हिशोब मांडतानाही एक फसगत होते. बिघाड दिसला त्याच्या आदल्या दिवशीच्या अपडेटवर संशय जातो, पण नवा कर्नल रीस्टार्ट होईपर्यंत वापरातच येत नसतो. आपोआप अपडेट होण्याची सोय चालू असेल, तर दोन महिन्यांत कित्येक बदल साठतात आणि सर्व्हर जुन्या कर्नलवर निर्धास्त चालत राहतो. मग एखाद्या पावसाळी रात्री लाईट जाते, यूपीएसची बॅटरी संपते आणि तो पहिला रीस्टार्ट सगळ्या साठलेल्या बदलांची एकदम परीक्षा घेतो. अपडेट चालू असतानाच वीज गेली तर पॅकेजेस अर्धवट राहतात ते वेगळेच. इथेच एक रास्त आक्षेप येतो. बिघाड अपडेटचा नसून हार्डवेअरचाच असला तर? तसे होते. वर्षानुवर्षे फिरणारी जुनी हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरत नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असला की वीज जाताच बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. टप्पा शोधण्याची पद्धत अशा वेळी अधिकच उपयोगी पडते. डिस्क बायोसच्या यादीतच दिसत नसेल तर लिनक्सच्या आज्ञा चालवण्यात वेळ घालवायचा नाही हे लगेच कळते. दिसत असेल, पण स्मार्ट चाचणीत खराब सेक्टर वाढलेले आढळले, तर दुरुस्तीच्या आधी तिची पूर्ण प्रत काढायची. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर फाइल सिस्टीम दुरुस्त करण्याची आज्ञा चालवली, तर उरलेसुरलेही जाऊ शकते.

दुसरा आक्षेप असा की एवढी शोधाशोध करण्यापेक्षा नव्याने इन्स्टॉल करणे जलद होते. ज्याच्याकडे माहितीचा तपासलेला बॅकअप आहे आणि सेटिंग्ज लिहून ठेवलेल्या आहेत, त्याच्यासाठी हे खरे आहे, आणि त्याने तसे खुशाल करावे. पण बहुतेक घरगुती सर्व्हर वर्षानुवर्षे थोडे थोडे वाढत गेलेले असतात. कोणत्या फोल्डरला कोणती परवानगी दिली, डेटाबेस कुठे आहे, कोणते काम रात्री दोनला चालते, हे सगळे फक्त त्या डिस्कवर लिहिलेले असते. इन्स्टॉलर चालवताना चुकीची डिस्क निवडली गेली तर अपडेटने जे नुकसान केले नव्हते ते आपल्या हाताने होते. एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणारे रेड आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत हा समजही इथे खोटा ठरतो, कारण चुकून पुसणे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी घडते. शिवाय कारण न शोधता नव्याने मांडलेला सर्व्हर तोच लहान बूट विभाग आणि तीच एफएसटॅबची ओळ घेऊन पुन्हा त्याच ठिकाणी अडू शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक आहे. चालते आहे ना, मग अपडेटच कशाला करायचे? याचे उत्तर जानेवारी 2022 मध्ये क्यूनॅपच्या घरगुती स्टोरेज यंत्रांवर झालेल्या 'डेडबोल्ट' हल्ल्याने दिले आहे. इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रे हेरून त्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या गेल्या आणि प्रत्येक मालकाकडे 0.03 बिटकॉइनची खंडणी मागितली गेली. अपडेटनंतर न उठणाऱ्या सर्व्हरमधली माहिती जागेवर असते. खंडणीखोराने कुलूप घातलेली माहिती डिस्कवर असूनही हाती लागत नाही. दोन धोक्यांची तुलना केली तर पहिल्यातून परतीची वाट आहे, दुसऱ्यातून अनेकदा नाही. म्हणून अपडेट टाळणे हा उपाय होऊ शकत नाही. परतीची वाट उघडी ठेवून अपडेट करणे हा उपाय आहे.

सिस्टीम घडवणारेही याच निष्कर्षाला आलेले दिसतात. अँड्रॉइडने 2016 मध्ये सातव्या आवृत्तीपासून सिस्टीमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आणली. अपडेट बंद प्रतीत बसते आणि नवी प्रत नीट उठली नाही तर फोन जुन्या प्रतीवर परततो. होम असिस्टंटची स्वतःची कार्यप्रणाली हीच दोन प्रतींची पद्धत वापरते. निक्सओएस सिस्टीमची प्रत्येक पिढी बूटच्या मेनूत ठेवते आणि ओपनसुसे अपडेटच्या आधी व नंतर बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमचे स्नॅपशॉट घेते. या सगळ्यांमागे एकच तत्त्व आहे. नवे स्वतःला सिद्ध करेपर्यंत जुने पुसायचे नाही. ग्रबच्या मेनूतला जुना कर्नल हे त्याच तत्त्वाचे साधे रूप आहे.

साध्या उबंटू किंवा डेबियन सर्व्हरवर हे तत्त्व पाळायला फारसे काही लागत नाही. बूट विभागात जागा मोकळी आहे का ते अपडेटच्या आधी पाहावे. किमान एक चालता कर्नल राखून ठेवावा. अपडेट झाल्यावर रीस्टार्ट लांबणीवर टाकू नये, आपण समोर असताना आणि हाताशी वेळ असताना तो मुद्दाम करावा, म्हणजे बिघाड झालाच तर संशयित थोडे असतात. लाइव्ह लिनक्सचा पेनड्राईव्ह तयार ठेवावा आणि एफएसटॅबची, नेटवर्क सेटिंग्जची प्रत सर्व्हरबाहेर असावी. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम तर पाळायलाच हवा. सामान्य माणसाला हे जमेल का, अशी शंका कोणी घेईल. पण ज्याने आपल्या हाताने सर्व्हर उभा केला त्याला पाच टप्पे ओळखणे जड नाही. त्यासाठी आज्ञा पाठ असण्यापेक्षा पडद्यावरची शेवटची ओळ नीट वाचण्याची आणि ती वाचेपर्यंत काहीही न पुसण्याची शिस्त अधिक महत्त्वाची आहे. घरच्या सर्व्हरला मोठ्या कंपन्यांसारखी चोवीस तासांची अखंडता परवडत नाही आणि तिची गरजही नसते. तो एक संध्याकाळ बंद राहिला तर बिघडत नाही. म्हणून दुरुस्तीला बसताना वेगापेक्षा परतीच्या वाटेला मोल द्यावे, आणि ती वाट आपल्या हाताने बंद करणारी कोणतीही आज्ञा सर्वांत शेवटी चालवावी.